तळ्याकाठचा तळ : धरणे, महाशीर आणि हौशी मासेमारी

नाशिकच्या खालच्या अंगास गोदाकाठी वसलेले एकलहरे हे गाव औष्णिक वीजकेंद्रामुळे सर्वपरिचित आहे. नदीच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्याचे स्थान निराळ्या कारणाने लक्षणीय ठरते. वरच्या अंगास १९६५ साली पूर्ण झालेले गंगापूर धरण, खालच्या अंगास कादवेच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा, आणि या दोहोंमध्ये अडकलेले एकलहऱ्याचे पात्र. दारणेवरील धरण १९१६ साली पुरे झाले; प्रवरेवरील भंडारदऱ्याचे १९२६ साली. अशा रीतीने सुमारे साठ वर्षांत वाहत्या नद्यांची तलावमालिका झाली. चार स्नेह्यांनी दूरच्या एखाद्या तलावाकाठी तंबू ठोकावेत आणि गळ टाकून दोन-तीन दिवस घालवावेत, या छंदाचा दख्खनमधील इतिहास या मालिकेपासून वेगळा काढता येत नाही.

दख्खनच्या माशांचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने केले व ते १८३९ साली प्रसिद्ध झाले. मुंबई सरकारच्या सांख्यिकी पाहणीच्या निमित्ताने त्याने हा प्रदेश पायाखाली घातला होता. त्याने माशांना दिलेली शास्त्रीय नावे पाहिली असता एक गोष्ट ध्यानी येते. खुद्री, नुक्ता, शिंगाळा ही नावे त्याने स्थानिक बोलीतूनच उचलली. नामकरणाचे श्रेय साइक्सकडे गेले. पण कोणता मासा कोणता, हे ओळखणारी दृष्टी काठावरच्या मासेमारांची होती, याची साक्ष ती नावेच देतात.

पुढे हौशी मासेमारांनी आपले स्वतंत्र वाङ्मय निर्माण केले. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सुलिव्हन टॉमस याचा महाशीरच्या शिकारीवरील प्रसिद्ध ग्रंथ १८७३ चा. तळ्यांतील मासेमारीवर त्याने १८८७ साली दुसरा ग्रंथ लिहिला. १८७३ सालीच फ्रान्सिस डे याने गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायावरील आपला अहवाल दिला. बारीक विणीची जाळी आणि सापळे यांवर त्याने टीका केली. त्याचबरोबर बंधाऱ्यांमुळे माशांची वाट अडते, हेही नमूद केले. तथापि १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने थेट शिक्षा सांगितली ती स्फोटके व विष वापरणाऱ्यांस. बंधारे, अचल सापळे व जाळी यांबाबत प्रांतिक सरकारांना केवळ नियम करण्याचा अधिकार दिला. पाटबंधाऱ्यांची मोठी कामे नेमकी यानंतर उभी राहिली, आणि ती सरकारचीच होती.

महाशीर हा वाहत्या पाण्याचा मासा. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध चढतो आणि खडी-गोट्यांच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. भिंत आडवी आली की हा क्रम मोडतो. ज्या तलावाकाठी तळ पडू लागले, तो तलाव निर्माण होतानाच तळावरच्या सर्वांत मानाच्या माशाची वाट बंद झाली होती, हा या इतिहासातील अंतर्विरोध होय. रिकाम्या जागी दुसरे मासे आले. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी कटक येथे प्रेरित प्रजननाचा प्रयोग यशस्वी केल्यावर कटला, रोहू, मृगळ या मुख्यतः गंगाखोऱ्यातील माशांचे बीज मुबलक मिळू लागले व ते जलाशयांत सोडण्यात आले. मासेमारांच्या सहकारी संस्थांना जलाशय ठेक्याने मिळू लागले. साहजिकच भोयाच्या जाळ्यात आणि हौशी माणसाच्या गळाला लागणारा मासा पुष्कळदा एकाच मत्स्यबीज केंद्रातून आलेला असे.

महाशीर वाचविण्याचा मोठा प्रयत्नही धरणाच्याच आश्रयाने झाला. लोणावळ्याच्या टाटा जलाशयांपाशी डॉ. सी. व्ही. कुलकर्णी प्रभृतींनी १९७० नंतर खुद्री महाशीरचे कृत्रिम प्रजनन साधले, आणि ते बीज इतर प्रांतांतील नद्यांतही गेले. कावेरीत त्याचा परिणाम अनपेक्षित झाला. तेथील मूळचा कुबडा महाशीर मागे पडला आणि खुद्रीचे प्रमाण वाढले. २०१८ साली त्या कुबड्या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत करण्यात आली. हा बदल प्रथम ध्यानी आला तो कावेरीकाठच्या मासेमारी तळावरील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदींवरून. छंद म्हणून टिपलेले आकडे अशा रीतीने इतिहासाचे साधन ठरले.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा. तलावातील मत्स्यसंपदा ही निसर्गाची जशीच्या तशी देणगी नसून पाटबंधारे, कायदा, बीजकेंद्र आणि ठेका यांनी घडविलेली आहे. म्हणून एकलहऱ्यासारख्या दोन भिंतींमधल्या पात्राचा अभ्यास करताना धरणांच्या तारखांइतकेच महत्त्व सहकारी संस्थांच्या वह्यांना, आणि भोयांच्या तोंडी असलेल्या माशांच्या नावांना द्यावे लागेल. मासा नदीतून नाहीसा झाल्यावरही त्याचे नाव काही काळ बोलीत टिकते. त्या अवधीतच ते टिपून घेणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे.