रौप्ययुगातील सुपरहिरो-कथा आणि त्यांचे चित्रकार

अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सच्या इतिहासात १९५६ ते साधारण १९७० हा काळ ‘रौप्ययुग’ म्हणून ओळखला जातो. आवडत्या जुन्या कथांची यादी निघाली की तिच्यात आजही या पंधरा वर्षांतल्या कथांचा भरणा असतो. त्यांचे श्रेय बराच काळ लेखकांच्या, त्यातही स्टॅन ली यांच्या पारड्यात पडत आले. त्यांतल्या उत्तम कथा मात्र चित्रकाराच्या टेबलावर घडल्या आहेत, आणि जुने अंक उघडून पाहिले की हे चटकन ध्यानात येते.

त्याआधीचे ‘सुवर्णयुग’ १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातल्या सुपरमॅनपासून सुरू झाले. (इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी घरांत पोचलेला ली फॉक यांचा वेताळ याहून दोन वर्षांनी थोरला, पण त्याचा जन्म वृत्तपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीत झाला.) जेरी सीगल आणि जो शूस्टर या तरुण जोडीने सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले. धंद्याची रीत हीच राहिली: पात्र प्रकाशकाचे, कलावंताला पानामागे ठरलेला मोबदला, आणि काढलेली मूळ चित्रेही प्रकाशकाच्याच ताब्यात.

दुसरे महायुद्ध संपल्यावर सुपरहिरोंचा खप घसरला आणि त्यांची जागा गुन्हेगारी कथांनी व भयकथांनी घेतली. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने मुलांच्या बिघडण्याचे खापर कॉमिक्सवर फोडणारे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी अमेरिकन सेनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावणी घेतली. सरकारी कायद्याच्या धास्तीने प्रकाशकांनी स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ नावाची आचारसंहिता लावून घेतली. संमत अंकाच्या मुखपृष्ठावर कोडचा शिक्का असे, आणि शिक्का नसलेला अंक घ्यायला वितरक सहसा तयार नसत. पोलीस किंवा न्यायाधीश यांच्याबद्दल अनादर वाटेल असे काही दाखवायचे नाही, शेवटी विजय सज्जनांचाच व्हायचा, रक्तपिपासू पिशाच्चे तर नकोतच, असे ते नियम होते. भयकथांचा बाजार यामुळे उठला, आणि रंगीत पोशाखातल्या निरुपद्रवी नायकांना पुन्हा वाव मिळाला.

ही संधी पहिल्यांदा डीसी कंपनीने साधली. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली १९५६ मध्ये ‘शोकेस’च्या चौथ्या अंकात सुवर्णयुगातल्या फ्लॅश या नायकाला नवे रूप मिळाले. रॉबर्ट कॅनिगर यांच्या कथेला कारमाईन इन्फँटिनो यांनी सडपातळ, वाऱ्यासारखा धावणारा नायक दिला. १९६१ मधल्या ‘फ्लॅश’च्या १२३ व्या अंकात गार्डनर फॉक्स आणि इन्फँटिनो यांनी जुना फ्लॅश व नवा फ्लॅश दोन वेगळ्या पृथ्वींवर राहतात अशी कल्पना मांडली. त्या अंकाचे मुखपृष्ठच अर्धी गोष्ट सांगते. मधोमध भिंत, तिच्या दोन्ही अंगांनी दोन फ्लॅश धावत येतात, आणि दोघांनाही वाचवायचा आहे तो एकच माणूस. अनेक विश्वांच्या ज्या कल्पनेवर आज चित्रपट निघतात, तिचे सुपरहिरो-कथेतले मूळ या अंकात आहे.

१९६१ च्याच अखेरीस मार्व्हल कंपनीचा ‘फँटॅस्टिक फोर’ निघाला. त्यातले नायक एकमेकांशी भांडत, खऱ्याखुऱ्या न्यूयॉर्कमध्ये राहत आणि आपली ओळख लपवत नसत. पाठोपाठ ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकात अकरा पानांच्या कथेतून स्पायडर-मॅन आला. मासिकाचा तो शेवटचा अंक ठरला, पण पीटर पार्कर हा चष्मेवाला, एकलकोंडा विद्यार्थी वाचकांना एवढा आपला वाटला की पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने स्वतंत्र मासिक सुरू झाले.

मार्व्हलमध्ये कथा तयार करण्याची पद्धत निराळी होती. स्टॅन ली हे संपादकही होते आणि एकाच वेळी अनेक मासिके लिहीत. सविस्तर पटकथा द्यायला त्यांना सवड नसे. ते चित्रकाराशी थोडक्यात कथेची चर्चा करत. प्रसंगांची मांडणी, चौकटींची विभागणी, गोष्टीची गती, हे सगळे चित्रकार पेन्सिलीने वीसेक पानांत उभे करी, आणि मग ली त्या चित्रांवर संवाद लिहीत. नंतर अक्षरलेखन आणि शाईकाम होई. गोष्ट रचण्याचा मोठा वाटा अशा रीतीने चित्रकाराकडे गेला, मोबदला मात्र त्याला चित्रांपुरताच मिळे.

या पद्धतीतून काय निपजले हे ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या ३१ ते ३३ या अंकांत (डिसेंबर १९६५ ते फेब्रुवारी १९६६) दिसते. चित्रकार स्टीव्ह डिट्को आणि ली यांच्यात तोवर बोलणेही उरले नव्हते. कथानक डिट्को स्वतःच रचत होते आणि २५ व्या अंकापासून तसे श्रेयही छापले जात होते. कथेत पीटरची मे काकू मरणपंथाला लागलेली आहे. त्याने दिलेल्या रक्तातला किरणोत्सारी अंश तिच्या शरीरात भिनला आहे आणि एकच औषध तिला वाचवू शकते. ते औषध डॉक्टर ऑक्टोपसने पळवून नदीच्या तळाशी असलेल्या आपल्या अड्ड्यात नेले आहे. झटापटीत एक अजस्र यंत्र स्पायडर-मॅनवर कोसळते. औषधाची नळकांडी समोर पडली आहे, पण हात पोचत नाही, आणि छतातून पाणी गळते आहे.

३३ व्या अंकाची पहिली पाच पाने एवढ्या एकाच कृतीला दिली आहेत: माणूस ओझे उचलतो. सुरुवातीच्या चौकटी लहान आहेत, त्यांत तो चेपल्यासारखा दिसतो. काका आणि काकूंचे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढे तरळतात. पानागणिक चौकटी वाढत जातात, यंत्र थोडे हलते, आणि शेवटी एक अख्खे पान भरून तो ते उचलून फेकताना दिसतो. संवादांचे फुगे हाताने झाकले तरी या पाच पानांचा अर्थ तसूभर कमी होत नाही. सुपरहिरो-कथेत सामर्थ्याचे यापेक्षा सच्चे चित्रण सापडणे अवघड आहे, कारण इथे जिंकायचे आहे ते स्वतःच्या थकव्याला. काही महिन्यांतच, ३८ व्या अंकानंतर, डिट्को मार्व्हल सोडून गेले.

त्याच सुमारास, मार्च ते मे १९६६ मध्ये, ‘फँटॅस्टिक फोर’च्या ४८ ते ५० या अंकांत गॅलॅक्टसची कथा आली. ग्रहच्या ग्रह गिळणारा हा महाकाय जीव पृथ्वीवर उतरतो. रचनेच्या दृष्टीने कथा ओबडधोबड आहे. पहिल्या अंकाचा बराच भाग आधीचे कथानक संपवण्यात जातो, आणि तिसऱ्या अंकाच्या मध्यावरच संकट टळते. तरीही तिची भव्यता आजही दबून जायला लावते. गॅलॅक्टसच्या आधी आकाशातून फळीवर उभा राहून येणारा चंदेरी दूत, सिल्व्हर सर्फर, चर्चेत कुठेच नव्हता. ‘फँटॅस्टिक फोर’चे चित्रकार जॅक कर्बी यांनी तो आपणहून चितारला, आणि पाने हाती आल्यावरच ली यांना तो प्रथम दिसला. हेच पात्र कथेचा प्राण ठरले. अ‍ॅलिशिया या अंध शिल्पकार स्त्रीशी बोलताना त्याला माणसांची कणव येते आणि तो धन्याविरुद्ध उभा राहतो. पुढचाच ५१ वा अंक याच्या अगदी उलट, घरगुती मापाचा आहे. एक मत्सरी शास्त्रज्ञ चौघांतल्या बेन ग्रिमचे रूप चोरून सूड घ्यायला येतो, आणि ज्याचा घात करायचा त्यालाच वाचवताना प्राण देतो. कर्बी यांचा आवाका या सलग चार अंकांत पुरेपूर दिसतो.

सत्तरीच्या दशकात कोडची पकड ढिली झाली. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या विनंतीवरून लिहिलेल्या अमली पदार्थांविरोधी कथेला कोडने मान्यता नाकारली, तेव्हा मार्व्हलने १९७१ मध्ये स्पायडर-मॅनचे ९६ ते ९८ हे अंक शिक्क्याशिवाय विकले. त्याच वर्षी नियम बदलले, आणि डेनी ओ’नील व नील अ‍ॅडम्स यांनी ‘ग्रीन लँटर्न’मध्ये एका नायकाचाच तरुण साथीदार हेरॉइनच्या आहारी गेलेला दाखवला.

१९७३ मधला स्पायडर-मॅनचा १२१ वा अंक अनेकांच्या मते या युगाचा खरा शेवट आहे. लेखक गेरी कॉनवे, चित्रे गिल केन यांची आणि शाई जॉन रोमिता यांची. पुलावरून फेकलेल्या आपल्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, नायक जाळ्याने झेलतो, पण ती वाचत नाही. तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत ‘स्नॅप’ असा आवाज लिहिलेला आहे. वाचवण्याच्या झटक्यानेच ती गेली, हे त्या एका शब्दातून कळते. रहस्य फुटू नये म्हणून कथेचे शीर्षकही शेवटच्या पानावर छापले गेले.

कर्बी १९७० मध्येच मार्व्हल सोडून डीसीकडे गेले होते. आपली मूळ पाने परत मिळावीत म्हणून त्यांना पुढे दीर्घकाळ झगडावे लागले, आणि १९८७ मध्ये त्यांतला थोडाच भाग हाती आला. १९९४ मध्ये ते वारले. त्यांच्या वारसांशी मार्व्हलने २०१४ मध्ये तडजोड केली, आणि तेव्हापासून अंकांत निर्माते म्हणून ली यांच्याबरोबर कर्बी यांचे नाव छापले जाऊ लागले. डिट्को यांनी ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकासाठी काढलेली २४ मूळ पाने एका अनाम दात्याने २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली. स्पायडर-मॅनच्या पहिल्या कथेची अकराही पाने त्यांत आहेत.