उडीद व कुळीथ : प्रक्रिया आणि पोषण (हरसूल परिसर)

नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल हा डोंगराळ, भरपूर पावसाचा आदिवासी पट्टा. भात, नागली, वरईच्या जोडीला येथील हलक्या जमिनीत उडीद, कुळीथ ही कडधान्ये होतात. 100 ग्रॅम उडीद डाळीत सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात, कुळथात 22. त्यांतली अंगी किती लागतात, हे दाणा ताटात कसा येतो यावर ठरते.

उडीद सालासकट भाजून, जात्यावर भरडून त्याचे कालवण नागलीच्या भाकरीबरोबर खाण्याची रीत पौष्टिक आहे. कच्च्या दाण्यातील ट्रिप्सिनरोधके प्रथिनांचे पचन अडवतात. भाजल्या-शिजवल्याने ती बहुतांशी निकामी होतात. खमंग वास सुटला की तवा उतरवावा. दाणे करपले तर लायसिन हे अमिनो आम्ल घटते, आणि नागलीत उणीव असते ती नेमकी त्याचीच. सालामुळे तंतू व कॅल्शियम टिकते. दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र डाळीतून त्याचा बराच भाग गेलेला असतो. अर्थात सालातील टॅनिने लोहाच्या शोषणात आडवी येतात. वरून लिंबू पिळल्यास हे शोषण सुधारते.

कुळीथ भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की दाण्यातील फायटेज हे विकर कामाला लागते. ते फायटिक आम्ल फोडते आणि त्यात अडकलेले लोह व जस्त मोकळे होते. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्वही तयार होते, मात्र उकळताना त्यातले बरेचसे नष्ट होते. पोट फुगवणाऱ्या रॅफिनोज, स्टॅचिओज या शर्करा भिजवणाच्या पाण्यात उतरतात. ते पाणी ओतून दिल्यास त्रास कमी होतो. सोबत थोडी ब जीवनसत्त्वेही जातात. शिजवणाच्या पाण्याची गोष्ट वेगळी. त्यात क्षार व जीवनसत्त्वे उतरलेली असतात, म्हणून त्याचे कढण करणेच योग्य.

दमट, उष्ण हवेत साठवून जुने झालेले कडधान्य चिवट होते आणि तासन्‌तास शिजत नाही. अशा वेळी चिमूटभर सोडा टाकण्याची सवय सर्वत्र आढळते. दाणा मऊ होतो खरा, पण थायामिन (ब-1) नष्ट होते. त्यापेक्षा रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवणे चांगले : मिठातील सोडियम सालातील कॅल्शियमची जागा घेते आणि साल लवकर मऊ पडते.