रावळ प्लगचं गोत्र

साताऱ्यात किंवा सांगलीत हार्डवेअरच्या दुकानात ‘रावळ प्लग द्या’ म्हटलं की दुकानदार प्लास्टिकच्या नळ्यांची पुडी पुढे टाकतो. हा रावळ कोण, असं कुणी विचारत नाही. आडनाव तर ओळखीचंच वाटतं! पण मूळ पुरुष लंडनचा. त्याचं नाव जॉन जोसेफ रॉलिंग्ज.

ब्रिटिश म्युझियममध्ये विजेचं सामान बसवायचं होतं, पण भिंतींची नासधूस चालणार नव्हती. तोवरची रीत म्हणजे छिन्नीने भलं मोठं भोक पाडायचं, त्यात लाकडी गुटका ठोकायचा आणि गुटक्यात स्क्रू पिळायचा. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये असे गुटके अजून सापडतात. रॉलिंग्जने तागाचे धागे सरस आणि जनावराच्या रक्ताने चिकटवून बारीक नळी केली. स्क्रू आत शिरला की नळी फुगायची आणि भोकाच्या अंगाला घट्ट दाबून बसायची. 1911 च्या सुमाराचा हा शोध. पुढे 1958 मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशरने हीच नळी नायलॉनची केली. ‘रॉल’चा ‘रावळ’ मात्र आपल्या मिस्त्रींनी केला.

याच घराण्यातला लोखंडी भाऊ म्हणजे काँक्रीटमधला अँकर फास्टनर. तो येण्यापूर्वी क्रम उलटा होता: आधी बोल्ट, मग काँक्रीट. किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 चा. तसल्या कारखान्यात यंत्र बसवायचं तर पायात खिसे सोडायचे, त्यांत फाउंडेशन बोल्ट उभे करायचे, माप जुळवायचं आणि मग ग्राउट ओतायचं. माप चुकलं की फोडाफोडी. काँक्रीटला सहज भोक पाडणारं हॅमर ड्रिल हाती आलं तेव्हा कुठे ‘आधी काँक्रीट, मग बोल्ट’ हे जमू लागलं.

या बोल्टच्या टोकाला शंकू असतो आणि त्याभोवती पत्र्याची क्लिप. नट आवळला की शंकू वर ओढला जातो, क्लिप फाकते आणि भोकाच्या भिंतीला रेटते. ही तर आपली पाचरच. सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या खाणींत वडार पिढ्यानपिढ्या तेच करत आले: एका रेषेत भोकं पाडायची, पाचरी बसवायच्या आणि सुतकीने आळीपाळीने ठोकायच्या. दगड त्या रेषेत उकलतो. खाणीत जो रेटा दगड फोडतो, तोच बांधकामावर बोल्ट धरून ठेवतो.

म्हणून अँकर निवडताना पहिला प्रश्न ‘बोल्ट किती जाड?’ हा नसतो. तो कुठे बसणार, हे आधी पाहायचं. ताण असह्य झाला की काँक्रीट शंकूच्या आकारात उपटून येतं आणि त्या शंकूचा पसारा प्रत्येक बाजूला खोलीच्या सुमारे दीडपट असतो. अँकर 70 मिलिमीटर खोल असेल, तर पूर्ण ताकदीसाठी कडेपासून 105 आणि दोन अँकरांमध्ये 210 मिलिमीटर अंतर हवं. जागाच कमी असेल, तर फाकणारा अँकर सोडून केमिकलने चिकटणारा घ्यावा. कडेचं अंतर त्यालाही लागतं, पण नट आवळताना तो कडा उकलत नाही. वाईतल्या जुन्या वाड्याच्या माती-विटांच्या भिंतीत तर पाचरीचा उपयोगच नाही. तिथे खुंट्या भिंत बांधतानाच चिणल्या जात.

दुसरा प्रश्न भूकंपाचा. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयना धरणाच्या काँक्रीटला भेगा गेल्या. भेग भोकातून गेली की भोक रुंदावतं आणि साध्या अँकरची पकड सुटते. म्हणून पाटण-कराडकडे भार पेलणारं काम असेल, तर भेगाळलेल्या काँक्रीटमध्येही पुन्हा फाकून धरणारा, तशी चाचणी झालेला अँकरच मागावा.

बसवताना बिट ठरल्या मापाचंच हवं. भोक ब्रशने घासून, फुंकून साफ करायचं, कारण आत राहिलेली भुकटी पकड निसटवते. नट टॉर्क पान्याने सांगितला तेवढाच आवळायचा. आणि तुळईच्या कडेला चार भोकं जवळजवळ एका ओळीत मारायची वेळ आली, तर ड्रिल खाली ठेवून खाण आठवायची. ती ओळ वडाराची आहे.