यमाईच्या वाटेवरचे संग्रहालय

मलकापूर-कऱ्हाड परिसरातील कुटुंबाने मुलाबाळांसह एका दिवसात कुठे जाऊन यावे, या प्रश्नाची उत्तरे बहुधा ठरलेली असतात. कोयनेचा पूल ओलांडून प्रीतिसंगम, नाहीतर गावाच्या पाठीशी उभा असलेला आगाशिवाचा डोंगर. आणि हाताशी वाहन असेल तर औंध. तिन्हींना 'सहलीची ठिकाणे' म्हणून आपण मोकळे होतो. त्यांच्या घडणीचा इतिहास मात्र एकमेकांपासून फार वेगळा आहे.

प्रीतिसंगमाविषयी थोडक्यात सांगता येईल. कृष्णा आणि कोयना येथे समोरासमोर येऊन मिळतात. १९८४ साली निवर्तलेल्या यशवंतराव चव्हाणांची समाधी याच काठावर आहे. मुले भोवतीच्या बागेत खेळतात, वडीलधारी माणसे समाधीला हात जोडतात. स्मारक आणि उद्यान यांचा इतका सहज मेळ आपल्याकडे क्वचितच जमतो.

आगाशिवाचे तसे नाही. या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. गोपालाचा पुत्र संघमित्र याने लेणे दान दिल्याची नोंद तेथील शिलालेखात आहे. पण येणारे बहुतेक लोक येतात ते महादेवाच्या दर्शनाला किंवा डोंगर चढण्याच्या हौसेने. याच प्राचीन नगराचे नाव 'करहाकट' या रूपात दूर मध्य भारतात, भारहुतच्या स्तूपावर कोरलेले आहे. तेथे करहाकटाच्या निगमाने, म्हणजे नगरातील व्यापारी-नागरिकांच्या समुदायाने, दान दिले होते. कनिंगहॅमला १८७३ साली हा स्तूप आढळला आणि त्याच्या कठड्याचा मोठा भाग कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेला. येथे वस्तू जागेवर आहे पण तिचा अर्थ सांगणारे कोणी नाही. तेथे अर्थ सांगण्याची सोय आहे पण वस्तू आपल्या जागेवरून उखडलेली आहे.

औंधच्या श्री भवानी संग्रहालयाचे महत्त्व आम्हांला वाटते ते या पेचामुळे. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ साली उभारले, आणि तेही राजवाड्यात नव्हे, तर यमाईच्या डोंगराच्या अर्ध्या चढावर. देवीला निघालेला शेतकरी, त्याची बायको, कडेवरचे पोर यांची वाट संग्रहालयाजवळूनच जाते. लोकांनी संग्रहालयाकडे यावे अशी अपेक्षा न ठेवता संग्रहालयच लोकांच्या पायवाटेवर नेऊन ठेवले, असा आम्ही या जागेचा अर्थ लावतो. स्टॉकहोमला आर्टूर हाझेलियसने १८९१ साली स्कान्सेन हे उघड्यावरचे संग्रहालय उभारले, तेव्हा जुनी घरे, शेतातली अवजारे आणि प्राणी एकत्र मांडून सामान्य कुटुंबांना खेचून घेतले. औंधच्या राजाला अशा मांडणीची गरज भासली नाही. यात्रा मुळातच होती.

आत राजा रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, हस्तिदंतावरचे कोरीवकाम आहे. आणि हेन्री मूरचे 'आई आणि मूल' हे शिल्पही आहे. विसाव्या शतकातील इंग्लंडचा हा शिल्पकार खटाव तालुक्यात भेटतो, याचे आश्चर्य वाटावे. पण पोर कडेवर घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईइतका त्या शिल्पाचा जाणता प्रेक्षक कोठल्या कलादालनात मिळणार?

तथापि आज हे सारे 'राजाचे वैभव' म्हणून पाहिले जाते, आणि येथेच वाचनाची चूक होते. संग्रहालय उभे राहिले त्याच सुमारास, १९३९ साली, पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रिडमन यांच्या साहाय्याने आणि गांधीजींच्या सल्ल्याने घडलेली राज्यघटना स्वीकारून आपल्या बहात्तर गावांचा कारभार ग्रामपंचायतींकडे सोपवला. सूर्यनमस्काराचा प्रचार करणारा, स्वतः चित्रे काढणारा, भांडारकर संस्थेच्या महाभारताला पाठबळ देणारा हा संस्थानिक सत्ता आणि चित्रे एकाच वेळी प्रजेच्या हाती देत होता. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या नाहीत तर रविवर्म्याच्या चित्राची केवळ सोनेरी चौकट तेवढी दिसते.

साहित्याच्या अध्यापकांना तर हे अधिक जवळचे आहे. ग. दि. माडगूळकर आणि शंकरराव खरात याच संस्थानातले, औंधच्या शाळेत शिकलेले. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) ची कथा माडगूळकरांची; तिच्यामागे आहे आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत, तीही १९३९ मधली, औंधचीच. आटपाडी आता सांगली जिल्ह्यात आणि औंध सातारा जिल्ह्यात. सहलीची बस बहुधा एकाच जिल्ह्यात फिरते, आणि औंध पाहून परतलेल्या वर्गाला स्वतंत्रपूर त्याच राजाचे आहे हे कळत नाही.