खराट्याचा फोटो आणि फोटोखालचं नाव

१८४४ साली विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज संशोधकाने एका उघड्या दाराला खराटा टेकवून ठेवला आणि त्याचा फोटो काढला. ‘द ओपन डोअर’ हे त्या फोटोचं नाव. फोटोग्राफीच्या इतिहासात हा खराटा हमखास भेटतो, साध्या वस्तूत सौंदर्य शोधण्याची सुरुवात म्हणून. टॅल्बटनेही सोबतच्या मजकुरात रोजचं जगणं रंगवणाऱ्या डच चित्रकारांचा दाखला दिलाय.

पण तुम्ही सायन्सचे असाल, तर आधी एक्स्पोजर टाइमचा विचार करा. कागदावर सिल्व्हर आयोडाइडचा थर, आणि त्यावर पुरेसा प्रकाश पडेपर्यंत समोरचं काही हलता कामा नये. माणूस हलतो. खराटा हलत नाही! टॅल्बटच्या त्याच पुस्तकात फळ्यांवर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचा फोटो आहे आणि तिथे तो चक्क चोरीचा मुद्दा काढतो: भांडी चोरीला गेली तर हा फोटो कोर्टात पुरावा ठरेल का? म्हणजे सौंदर्यदृष्टी होतीच, पण रसायनाची मर्यादा आणि यादी ठेवायची सोयही होती. ‘कलावंताची नजर’ असं लिहून मोकळं होण्याआधी एवढं तपासायचं.

आता आपल्याकडे या. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली. सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांमध्ये भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचं नाव येतं. पण तेव्हा फोटो म्हणजे माणसाला थांबवून काढायची गोष्ट. रोजची मुंबई चालता-बोलता टिपायची तर हातात मावणारा कॅमेरा आणि वेगवान फिल्म हवी. १९३० च्या दशकात ती मिळू लागली होती.

वाशीहून हार्बर लोकलने सीएसएमटीला उतरलात की जे. जे. स्कूल ऑफ आर्ट चालत जाण्याइतकं जवळ. होमाई व्यारावाला (जन्म १९१३, नवसारी) इथे शिकल्या. पुढे नेहरू-गांधींच्या फोटोंसाठी त्या ओळखल्या गेल्या, पण मला त्यांचे आधीचे, मुंबईतले फोटो जास्त महत्त्वाचे वाटतात: जे. जे.मधल्या मैत्रिणी, सहल, शहरातलं साधं जगणं. त्यांच्याकडे रोलायफ्लेक्स होता. तो पोटाशी धरून वरून खाली बघायचं. डोळ्याला कॅमेरा लावलेला नसल्याने समोरचा माणूस तेवढा सावध होत नाही. शिवाय साडीतली बाई कॅमेरा घेऊन फिरतेय म्हणजे हौस असेल, असं लोक धरून चालत. याचा आपल्याला फायदाच झाला, असं त्या नंतर सांगत.

त्यांचे सुरुवातीचे फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आले. एका फोटोचा एक रुपया. नाव मात्र छापलं जायचं पती माणेकशॉ यांचं, कारण त्या अनोळखी होत्या आणि बाई होत्या.

इथे संशोधकाची खरी पंचाईत होते. समजा, तुम्हाला जुन्या अंकात असा एखादा फोटो सापडला. मुली मोकळेपणाने हसताहेत. खाली पुरुषाचं नाव. तुम्ही प्रामाणिकपणे तेच उतरवून घेतलंत आणि पुरुषाच्या नजरेतून दिसलेल्या आधुनिक मुली, असं प्रकरण लिहिलंत. संदर्भ अचूक, निष्कर्ष उलटा. त्या मुली मैत्रिणीच्या कॅमेऱ्यासमोर आहेत म्हणून तशा हसताहेत, ही शक्यता तुमच्या प्रबंधात येणारच नाही. तपासायचं असेल तर निगेटिव्ह कुणाच्या संग्रहात होती, फोटोतली माणसं कुणाच्या ओळखीची होती, फोटो काढणाऱ्याने पुढे मुलाखतीत काय सांगितलं, हे बघावं लागतं. होमाईंच्या बाबतीत हे जमलं, कारण त्या २०१२ पर्यंत हयात होत्या आणि अभ्यासकांनी त्यांना जाऊन विचारलं.

शोधताना फक्त त्यांचं नाव टाकू नका. पतीचं टाका आणि ‘डालडा १३’ हेही टाका, ते त्यांचं टोपणनाव. १३ कुठून आलं? जन्म १९१३ चा, माणेकशॉंची भेट तेराव्या वर्षी, आणि पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी १३.