खुर्चीचे माप

अमेरिकेतल्या मोठ्या करमणूक उद्यानांत एक प्रसंग आता नित्याचा झाला आहे. तासभर रांगेत काढून माणूस रोलर कोस्टरच्या डब्यात बसतो, डोक्यावरचा हार्नेस खांद्यांवरून खाली ओढतो, पण हार्नेसचे बक्कल आणि सीटवरचा पट्टा यांची गाठ पडत नाही. कर्मचारी येतात, अंगाचा भार देऊन हार्नेस दाबतात, श्वास सोडायला सांगून पुन्हा दाबतात. तोवर गाडी थांबलेली असते आणि मागची सगळी रांग बघत असते. शेवटी त्याला उतरायला सांगतात. बरोबरची मंडळी डब्यातच राहतात आणि तो एकटा पलीकडच्या दाराने बाहेर पडतो. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया का करून घेतली असे विचारले, तर मधुमेह, गुडघे आणि झोपेत अडकणारा श्वास यांच्या जोडीने हा प्रसंग सांगणारे रुग्ण तिकडे भेटतात. लठ्ठपणाइतकीच ही शरमही जुनी असणार असे आपण धरून चालतो. इतिहास तसे सांगत नाही. लठ्ठ माणसाची चेष्टा फार जुनी आहे, पण राइडच्या खुर्चीने चारचौघांत त्याला नापास करणे ही गोष्ट जेमतेम पन्नास वर्षांची आहे, आणि तिचे मूळ शरीरापेक्षा खुर्चीच्या घडणीत अधिक सापडते.

सुरुवातीच्या राइडना खुर्ची अशी नव्हतीच. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर ला मार्कस थॉम्पसन यांनी १८८४ मध्ये सुरू केलेल्या उतरत्या रेल्वेचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास होता. पाच सेंट देऊन लोक बाकावर दाटीवाटीने बसत. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातले जॉर्ज फेरिस यांचे चक्र सुमारे ८० मीटर उंच होते आणि त्याच्या ३६ डब्यांपैकी प्रत्येकात साठ माणसे मावत. डबा आगगाडीच्या डब्याएवढा, तेव्हा कोणाची कंबर किती हा प्रश्नच उद्भवत नसे. कोनी आयलंडचा ‘सायक्लोन’ हा लाकडी कोस्टर १९२७ चा. त्याचा वेग ताशी ९५ किलोमीटरपर्यंत जातो, तरीही त्याची बैठक म्हणजे दोघांत एक बाक आणि मांड्यांवर एक आडवी दांडी. जाड माणूस बाकाची जास्त जागा अडवी, शेजारचा अंग चोरून बसे, विषय तिथेच संपे. आपल्याकडच्या जत्रेतला हाताने फिरवायचा लाकडी पाळणा चालवणाऱ्यालाही वजनाची जाणीव असतेच. भार सारखा व्हावा म्हणून तो समोरच्या पेटीत कोणाला बसवायचे ते ठरवतो. वजनाची दखल घेणे आणि वजनामुळे परत पाठवणे यांत बरेच अंतर आहे.

तो काळ लठ्ठ माणसांसाठी सुखाचा होता असे मात्र मुळीच नाही. तिकडच्या अमेरिकी जत्रांच्या तंबूंमध्ये अतिलठ्ठ स्त्री-पुरुष पैसे घेऊन दाखवले जात. त्याच्याही आधी, १८०६ मध्ये, लेस्टरच्या डॅनियल लँबर्टने लंडनमध्ये एकेक शिलिंग घेऊन लोकांना आपल्या घरी भेटायला बोलावले होते. १८०९ मध्ये तो वारला तेव्हा त्याचे वजन सुमारे ३३५ किलो होते. दुसऱ्या टोकाला, व्हरमाँट राज्यातल्या वेल्स रिव्हर या गावी १९०३ मध्ये ‘न्यू इंग्लंड फॅट मेन्स क्लब’ निघाला. सभासद होण्याची अट किमान २०० पौंड वजनाची, म्हणजे साधारण ९१ किलोची. व्यापारी, पुढारी मंडळी तिथे जमत, भरपूर जेवत आणि वजनकाट्यावर मिरवत. पोट हे सुबत्तेचे लक्षण होते, निदान पुरुषांपुरते आणि निदान पैसेवाल्यांपुरते. विशीचे दशक अर्धे सरेपर्यंत तो क्लब ओसरला. तात्पर्य, जुन्या जत्रेत लठ्ठ शरीर तमाशाचा विषय होते आणि क्लबात ते प्रतिष्ठेचे होते. पण पाळण्यात बसायला त्याला कोणी अडवत नव्हते. बघायचे तिकीट असो वा बसायचे, दोन्ही त्याला मिळत.

हे बदलले ते गाड्या उलट्या व्हायला लागल्यावर. उलटे नेणाऱ्या चक्राचा प्रयोग कोनी आयलंडवरच १८९५ मध्ये झाला होता. ते चक्र अगदी गोल असल्याने आत शिरताना मानेला जबर हिसका बसे. १९०१ मध्ये लंबगोल चक्र आले. ते अंगाला बरे होते, पण एका फेरीत मोजकीच माणसे नेता येत, म्हणून धंदा बसला नाही. त्यानंतर पाऊण शतक हा खेळ जवळजवळ बंदच होता. पोलादी नळ्यांच्या रुळांनी तो परत आणला. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्ममध्ये १९७५ मध्ये ‘कॉर्कस्क्रू’ सुरू झाला आणि खांद्यांवरून उतरणारा हार्नेस लोकांच्या ओळखीचा झाला. १९९२ मध्ये शिकागोजवळच्या सिक्स फ्लॅग्जमध्ये ‘बॅटमॅन’ आला. यात गाडी रुळाखाली लोंबते, पाय अधांतरी असतात, प्रत्येकाची खुर्ची साच्यातून काढलेली आणि वेगळी असते. हार्नेस खाली आला की त्याला पट्टा अडकवायचा. तो अडकला नाही तर गाडी सोडायची नाही. बाक जाऊन साचा आला. बाकावर दोन माणसांची मापे एकमेकांत मिसळून जात असत. साच्यात एकेकाचे माप घेतले जाते आणि त्याचा निकाल ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढाच लागतो.

आणि हे माप सहसा वजनाचे नसते, हा या इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. गाडी टेकाडावरून उतरताना शरीर सीटवरून उचलले जाते. त्या क्षणी दांडीने मांड्यांचा वरचा भाग, म्हणजे ओटीपोटालगतची हाडे, दाबून धरलेली असावी लागते. दांडी पोटावर टेकली तर खाली पोकळी राहते. पोट दबते आणि शरीर निसटते. म्हणून शंभर किलोची दोन माणसे एकाच खुर्चीत बसवली तर एक पास होतो, दुसरा नापास. कोणाचे वजन मांड्यांत असते, कोणाचे पोटात. रुंद छातीचा पहिलवान अडतो, भरल्या छातीची बाई अडते, आणि त्यांच्याहून जड असलेला एखादा उंच माणूस सहज बसून जातो. घरच्या काट्यावरचा आकडा इथे फारसा उपयोगी पडत नाही. प्रवेशद्वारावर उंचीची पट्टी वर्षानुवर्षे रंगवलेली होती. छाती-पोटाच्या मापाविषयी मात्र बहुतेक ठिकाणी एखादे मोघम वाक्य असायचे. आपण मावतो की नाही हे कळण्याची जागा मग एकच उरली: खुद्द गाडी, रांगेच्या शेवटी, सगळ्यांच्या देखत.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो गंभीर आहे. २००१ मध्ये नॉट्स बेरी फार्ममधल्या पाण्याच्या राइडवरून एक स्थूल स्त्री पडून मरण पावली. २००४ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये एका जड आणि अपंग पुरुषाचा, २०१३ मध्ये टेक्सासमधील आर्लिंग्टनमध्ये एका स्त्रीचा कोस्टरवरून पडून मृत्यू झाला. २०२२ च्या मार्चमध्ये ऑर्लँडोतल्या सुमारे १३० मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून खाली येताना चौदा वर्षांचा मुलगा सीटमधून निसटला. त्या राइडच्या उत्पादकाने कमाल वजन १३० किलो सांगितले होते. मुलाचे वजन त्याहून बरेच जास्त होते. तपासात निघाले ते असे: त्याच्या सीटचा सेन्सर हाताने बदलून ठेवला होता, त्यामुळे हार्नेस आणि सीट यांच्यात नेहमीच्या जवळपास दुप्पट फट असतानाही यंत्र ‘ठीक’ म्हणत होते. म्हणजे संकोच टाळण्यासाठी मोठ्या माणसाला कसेबसे कोंबून पाठवणे हा दयाळूपणा नव्हे, ते जिवावर बेतते. खुर्चीने ‘नाही’ म्हटले तर त्या घडीला ते ऐकलेच पाहिजे. जुन्या बाकाचेही गोडवे गाण्यात अर्थ नाही. एकच दांडी दोघांवर आली की ती जाड माणसाच्या अंगावर अडते आणि शेजारच्या पोराच्या मांडीवर हातभर पोकळी राहते. बाकाच्या उदारपणाची किंमत पोरे मोजत होती.

पण सुरक्षिततेसाठी ‘नाही’ म्हणणे आवश्यक आहे, एवढ्यावरून ते कुठे आणि कसे म्हणायचे हे ठरत नाही. आर्लिंग्टनचा कोस्टर अपघातानंतर काही आठवड्यांनी सुरू झाला तेव्हा सीटना पट्टे बसले होते, दांडीची गादी बदलली होती आणि प्रवेशापाशी बसून पाहण्यासाठी एक सीट ठेवली होती. यातली शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त. ती आधी का सुचली नाही, याचे उत्तर तंत्रज्ञानात शोधून मिळणार नाही. तीच कथा ऑर्लँडोच्या हॅरी पॉटर राइडची. जून २०१० मध्ये ती सुरू झाली आणि पहिल्या काही आठवड्यांतच धिप्पाड पाहुणे परत पाठवले जात असल्याचा बोभाटा झाला. त्याच वर्षी चार सीटच्या ओळीतल्या कडेच्या काही सीट मोठ्या अंगाच्या माणसांना बसता येईल अशा बदलण्यात आल्या. यंत्र तेच राहिले. कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनचा ‘रेव्होल्यूशन’ तर आणखी बोलका आहे. १९७६ मध्ये तो उभ्या चक्रातून लोकांना नुसत्या मांडीवरच्या दांडीवर नेत होता. पुढे त्यावर खांद्याचे हार्नेस चढवले गेले, आणि २०१६ मध्ये नव्या गाड्या आल्या त्या पुन्हा मांडीवरच्या दांडीच्या. चक्र तेच, गुरुत्वाकर्षण तेच. मधली काही दशके खांद्यावर जे ओझे होते ते अपरिहार्य नव्हते.

दुसरा आक्षेप असा की खुर्च्यांना कशाला दोष द्यायचा, माणसेच फुगली. हे खरेच आहे. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या प्रौढांपैकी साधारण १३ टक्के लठ्ठ गटात मोडत. २०१७-१८ मध्ये हे प्रमाण ४२ टक्क्यांवर गेले. सरासरी पुरुषाचे वजन ७५ किलोवरून ९० किलोच्या घरात पोचले. पण या आकड्यांतून उलटाच प्रश्न उभा राहतो. गिऱ्हाइकांचे माप बदलल्यावर शिंपी कापड बदलतो. १९९० नंतरच्या राइड अशा देशात बांधल्या जात होत्या जिथे हा कल सरकारी आकडेवारीत स्पष्ट दिसत होता. एकाच दांडीने सव्वा मीटर उंचीचे मूल आणि सव्वाशे किलोचा बाप दोघांनाही धरायचे, हा अभियंत्यापुढचा पेच अवघड आहे हे मान्य. पण काही कोस्टरवर ठरावीक ओळींत जादा पट्ट्याच्या सीट देऊन तो थोडाफार सोडवला गेला आहेच.

आता शस्त्रक्रियेकडे येऊ. आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठराला वळसा घालणारी शस्त्रक्रिया केली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन घटते, हे निरीक्षण तिच्यामागे होते. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने निकष घालून दिला: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि जोडीला गंभीर आजार. लोंबता कोस्टर त्याच्या पुढच्या वर्षी आला. दोन्हींत कार्यकारण नाही, पण एकाच पिढीला दोन्ही मापांना तोंड द्यावे लागले. त्याच १९९१ मध्ये फ्लोरिडातल्या रँड आणि मॅकग्रेगर यांनी शस्त्रक्रियेने वजन उतरलेल्या ४७ रुग्णांना विचारले, की पूर्वीसारखे अतिलठ्ठ होणे आणि एखादे अपंगत्व यांत काय पत्कराल? जवळजवळ सर्वांनी अंधत्व किंवा पाय गमावणे पत्करले. अतिलठ्ठ कोट्यधीश होण्यापेक्षा साध्या वजनाचे राहणे सर्वच्या सर्व ४७ जणांनी निवडले. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची भीती माणसाला असे उत्तर द्यायला लावत नाही. हे उत्तर लोकांच्या नजरेचे आहे. पुढे ड्यूक विद्यापीठातल्या रोनेट कोलोटकिन आणि सहकाऱ्यांनी वजनाचा आयुष्यावरचा परिणाम मोजण्यासाठी ३१ प्रश्नांची प्रश्नावली रूढ केली. शस्त्रक्रिया किती सफल झाली हे पाहायला ती जगभर वापरतात, आणि तिच्यात सार्वजनिक जागेतल्या सीटमध्ये आपण मावू की नाही ही चिंताही मोजली जाते. म्हणजे खुर्चीत मावणे हा वैद्यकीय यशाचा एक अधिकृत निकष होऊन बसला.

‘मग बिघडले काय?’ असे विचारणारे आहेत. शरमेने का होईना, माणूस डॉक्टरकडे गेला, जगला. एखाद्याच्या बाबतीत असे घडते, नाकारण्यात अर्थ नाही. पण शरम औषध म्हणून तपासली तर टिकत नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या सुटिन आणि टेराचियानो यांनी २०१३ मध्ये सहा हजारांवर अमेरिकनांच्या चार वर्षांच्या नोंदी मांडल्या: वजनावरून भेदभाव सोसलेली, पण सुरुवातीला लठ्ठ नसलेली माणसे पुढे लठ्ठ होण्याची शक्यता सुमारे अडीचपट होती. हिणवल्याने वजन उतरत असते तर अमेरिका एव्हाना सडपातळ झाली असती. शस्त्रक्रियेची खरी कारणे आजाराची आहेत आणि ती पुरेशी भक्कम आहेत. त्यांत खुर्चीची भर घालण्याची गरज नाही. शिवाय शस्त्रक्रिया शरीर बदलते, खुर्ची तशीच राहते, आणि रांगेतला पुढचा माणूस पुन्हा त्याच खुर्चीपुढे येतो.

हा इतिहास आता आपल्या दारात आला आहे. खोपोलीच्या इमॅजिकात २०१३ मध्ये सुरू झालेला ‘नायट्रो’ हा त्याच स्विस कंपनीचा आहे जिने ‘बॅटमॅन’ बनवला, आणि साच्याची खुर्ची, खांद्यांवरचा हार्नेस हेही त्याच घराण्यातले. नवी उद्याने आणखी निघतील, आणि भारतीय शरीरात चरबी पोटाभोवती साठण्याची प्रवृत्ती जास्त आहे हे डॉक्टर कधीपासून सांगत आहेत. मांडीवरच्या दांडीला नेमकी तीच जागा हवी असते. म्हणून उद्यान चालवणाऱ्यांकडे मागणी साधी आहे. बसून पाहायची सीट रांगेच्या तोंडाशी, जरा आडोशाला ठेवा. हार्नेसला किती छाती आणि किती पोट चालते ते सेंटिमीटरमध्ये तिकीट काढण्याच्या आधीच, मराठीत, ठळक लिहा. मोठ्या सीट कोणत्या ओळीत आहेत ते कर्मचाऱ्याला माहीत असू द्या. आणि तरीही कोणी मावला नाही, तर त्याला तिकिटाचे पैसे परत द्या.