गोगलगाईचें इन्शुलीन

पावसाळ्यांत मेढ्याच्या बाजूस भाताच्या बांधांवर गोगलगाई हिंडूं लागल्या कीं आपण त्यांच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. त्यांच्या कुळाची एक कथा मात्र ऐकण्याजोगी आहे.

१९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं स्वादुपिंडाचा गुणकारी अर्क काढला. जानेवारी १९२२ मध्यें चौदा वर्षांच्या एका मरणोन्मुख मधुमेही मुलास असा अर्क टोंचण्यांत आला, व तो वांचला. गोगलगाईला आपल्यासारखें स्वादुपिंडच नसतें. तिच्यापाशीं इन्शुलीन कोठून असणार? पण १९८८ सालीं ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनीं गोड्या पाण्यांतील लिम्निया या गोगलगाईच्या मेंदूंत त्याचें भावंड शोधून काढलें. तेथें त्याचा संबंध मुख्यतः शरीराच्या व शंखाच्या वाढीशीं आहे.

समुद्रांतील कोनस जिऑग्राफस तर याहून बिलंदर. ‘गोगलगाय न् पोटांत पाय’ ही म्हण तिला शोभावी! माशांच्या इन्शुलीनसारखेंच इन्शुलीन ती विष म्हणून वापरते, हें २०१५ सालीं उघडकीस आलें. माशाच्या रक्तांतील साखर घसरते, तो सुस्तावतो, आणि ती त्यास गिळते. माणसाच्या इन्शुलीनचे रेणू सहा-सहांच्या जुडग्यांनीं राहतात. तीं सुटेपर्यंत टोंचलेल्या औषधाचा गुण लांबतो. या विषांतील रेणू सुटाच असतो. मधुमेह्यांसाठीं शीघ्र गुणाचें इन्शुलीन घडवूं पाहणारे शास्त्रज्ञ आतां त्याच्याच रचनेचा कित्ता गिरवीत आहेत.